दुसरा डबा

सव्वीस वर्षं मी माणसं वर नेली.
वालपराईसोच्या उभ्या टेकडीवर, रुळांवरून,
पोलादी दोराला बांधलेल्या लाकडी डब्यातून:
मासळीवाल्या, शाळेची पोरं, एकदा तर एक पियानो
आणि त्याला मिठी मारून उभा राहिलेला त्याचा मालक.
रोज सकाळी मी दोराला तळहात लावायचो.
दोर खोटं बोलत नाही.
तुटायच्या कितीतरी आधी एखादी तार सुटते,
कुसळासारखी हाताला टोचते,
सांगून ठेवते.

विमानात हात लावायला असं काहीच नाही.
रांग एकविसावी, खिडकीची झडप ओढलेली.
मी विचारतो, "बाई, हे टांगलंय कशाला?"
हवाईसुंदरी पाणी आणून देते.
माझ्या प्रश्नाचं उत्तर पाणी नव्हे,
पण पितो.

जमीन सुटली तेव्हा पोटातला गोळा घशाशी आला.
आमचा नियम सरळ होता:
एक डबा वर जायचा तर दुसऱ्यानं खाली यायचं,
एकाच दोराची दोन टोकं,
आणि मधोमध, जिथं दोघं एकमेकांना ओलांडत,
चढणारे उतरणाऱ्यांना उगाचच हात करत.
मी तर चाललोय वर.
मग खाली कोण उतरतंय?

इर्मा. दुसरं कोण.
चार वर्षं झाली आमच्या दारावर पाटी लटकून, दुरुस्तीसाठी बंद,
तेव्हापासून ती दोनशे ऐंशी पायऱ्या उतरते,
गुडघा धरून, आईच्या गोळ्या आणायला.
निघताना म्हणाली, तिकडं थंडी आहे, कान झाक.
पुढं काही म्हणायचं होतं तिला.
टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.

अटलांटिकवर, मध्यरात्री, विमान अडखळलं.
म्हणजे, पायरी आहे समजून पाय टाकावा
आणि पायरी नसावी, तसं. पुन्हा तसं. पुन्हा.
दिवे गेले, आले. मागे कुणाचं तान्हं रडायचं थांबलं,
त्याची मला जास्त भीती वाटली.
शेजारची रोसेंदा, ओव्हिएदोची, सबंध रात्र विणत होती.
तिच्या मांडीवरून राखाडी लोकरीचा गुंडा उडाला
आणि कुठं जायचं ते आधीच ठरवल्यासारखा
मधल्या वाटेनं मागे मागे घरंगळत गेला,
पंचविसावी रांग, तिसावी, थेट संडासापर्यंत.
"धर!" ती ओरडली, आणि धागा माझ्या हातात कोंबला.

धरला.
सव्वीस वर्षांत इतका बारीक दोर मी पाहिला नव्हता.
ताण आला, सैल झाला, पुन्हा आला.
तिकडं कुणीतरी गुंडा उचलला असावा,
अंधारात, तोंड न दिसणाऱ्या कुणीतरी,
हलकेच ओढून पाहिलं: आहे का कोणी?
मीही ओढलं.
तेवढा वेळ विमान कशाला टांगलंय
हे मी विचारलं नाही.

माद्रिद. मग आम्स्टरडॅम,
तिथं माझं आडनाव तीन तऱ्हांनी पुकारलं,
तिन्ही वेळा मीच उठलो.
मग बर्गन, आणि डोंगरावर जाणारे दोन डबे,
काचेचे, स्वच्छ, मिनिटकाट्यावर चालणारे.
तोरून, माझी साहेब, माझ्या मुलीच्या वयाची,
हातमोजे पुढं करते. मी नको म्हणतो.
उघडा तळहात ठेवतो दोरावर.
थंड. नवा. वंगणाचा वासही वेगळा.
माझ्याशी अजून बोलत नाही.

संध्याकाळी इर्माचा फोन. कसा झाला प्रवास?
ठीक, म्हणतो.
परतीच्या मालवाहू जहाजाची चौकशी केलीय,
सदतीस दिवस लागतात, ते सांगत नाही.
बोटाला अजून तो राखाडी धागा आहे,
रोसेंदानं दातानं तोडून दिलेला.
पलीकडून वारा ऐकू येतो, कुत्री, आणि तिचा श्वास:
पायऱ्यांच्या तोंडाशी उभी आहे.
"हळू उतर," म्हणतो.